नुसते ‘क्षार’ लिहू नका : बेळगाव जिल्ह्यातील मातीपरीक्षण प्रयोगशाळा, रयत संपर्क केंद्रे आणि साखर कारखान्यांच्या शेती विभागांना खुले पत्र

सन्माननीय अधिकारी आणि तंत्रज्ञ मंडळी,

स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यात मातीचा अहवाल कन्नडमध्ये छापला जातो. चिकोडी, निपाणी, खानापूर, बेळगाव या भागांतल्या मराठी शेतकऱ्याला त्याचा अर्थ कुणीतरी तोंडी मराठीत सांगतो. आणि पुढे काय करायचे हे तो कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या मराठी पत्रकांत वाचतो. या तिन्ही ठिकाणी ‘क्षार’ हा शब्द येतो. शब्द एकच असल्यामुळे कुणी थांबून विचारत नाही. पण कन्नड अहवालातला क्षार आणि मराठी पत्रकातला क्षार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर काळी जमीन आहे त्याहून बिघडते. हे पत्र तेवढ्यासाठी आहे.

शाळेतल्या रसायनशास्त्रापासून सुरुवात करू. मराठी माध्यमाचा मुलगा शिकतो : आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते. म्हणजे मीठ हा क्षार, नवसागर हा क्षार, युरिया सोडला तर पोत्यातली बहुतेक खते क्षारच. शेजारच्या वर्गातली कन्नड माध्यमाची मुलगी तीच अभिक्रिया शिकते : आम्ल आणि प्रत्याम्ल मिळून लवण आणि पाणी. तिच्या पुस्तकात ‘क्षार’ आहे, पण तो लवणाच्या जागी नाही. पाण्यात विरघळणारे प्रत्याम्ल, ज्याला मराठीत अल्क किंवा विम्ल म्हणतात, ते म्हणजे तिचा क्षार. हिंदीतही असेच आहे. त्यामुळे कन्नड अहवालात ‘क्षारीय’ लिहिले असेल तर तो मजकूर पीएचबद्दल, म्हणजे सामूबद्दल आहे. मराठी वाचणारा मात्र तो मिठाबद्दल, म्हणजे विद्युतवाहकतेबद्दल आहे असे धरून चालतो. त्याचा दोष नाही. त्याच्या भाषेत ‘क्षारपड’ म्हणजे मीठ फुटलेली जमीनच.

कोण बरोबर, हा प्रश्न इथे नाही. दोन्ही अर्थ जुने आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षार करण्याच्या विधीचा आहे, आणि तिथे शब्दाची फोड दिली आहे : ‘क्षरणात् क्षणनाद् वा क्षारः’, म्हणजे झरवतो किंवा छेदतो म्हणून क्षार. विधी असा, की ठराविक झाडे जाळून राख करायची, राखेच्या सहापट पाण्यात (किंवा गोमूत्रासारख्या द्रवात) ती कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि आटवायची. उतरलेले पाणी स्वच्छ, लालसर, तीक्ष्ण आणि बुळबुळीत झाले की काम झाले. तो बुळबुळीतपणा म्हणजे अल्काची खूण. साबणाच्या पाण्यात बोटे चोळल्यावर लागतो तोच. अधिक तीक्ष्ण क्षार हवा असेल तर भाजलेले चुनखडे आणि शिंपले घालायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटवर चुन्याची क्रिया होऊन दाहक पोटॅश तयार होते. आंबट पदार्थ मिसळला की या क्षाराचा दाह शमतो, हेही त्याच अध्यायात आहे. आयुर्वेदाच्या दवाखान्यावर ‘क्षारसूत्र’ (क्षाराचे लेप दिलेला औषधी दोरा) असे लिहिलेले असते, तिथे हा जुना अर्थ अजून जिवंत आहे.

पण संस्कृतातही क्षार म्हणजे खारट हा अर्थ होताच, आणि बोलीतल्या ‘खार’मध्ये दोन्ही मिसळून गेले. पापडखार आणि जवखार हे अल्क. खारे पाणी, खारे दाणे, खारवलेली मिरची यांत मीठ. आपल्याच बाजारात कन्नड बोलणारी बाई ‘खार’ म्हणते तेव्हा तिला तिखट म्हणायचे असते, कारण तिकडे शब्दातला जळजळीतपणा तेवढा उरला आणि पोर्तुगीजांबरोबर आलेल्या मिरचीला जाऊन चिकटला. मराठीने पुढे क्षाराचा अर्थ आणखी पसरवला. बोअरच्या पाण्याने घागरीत बसणारा पांढरा थर म्हणजे क्षार, जुलाबानंतर द्यायची ती क्षारसंजीवनी, आणि उन्हात माणूस पडला की ‘अंगातले क्षार कमी झाले’. यातला घागरीचा थर बहुतेक चुन्याचा असतो, क्षारसंजीवनीत मिठे आणि साखर असते. एकाही ठिकाणी सुश्रुताचा क्षार नाही.

युरोपातही हा प्रवास राखेतूनच सुरू झाला. अरबी ‘अल्-कली’ म्हणजे खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख. त्यातून अल्कली आला आणि लॅटिनमध्ये कॅलियम. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने दाहक पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने पोटॅशियम वेगळे केले. त्याचे चिन्ह कॅलियमवरून ‘के’ झाले, आणि एन-पी-केच्या पोत्यावरचा ‘के’ तो हाच. ‘पोटॅश’ म्हणजे मूळची भांड्यातली राख, पक्का अल्क. आज दुकानात पोटॅश म्हणून मिळते ते म्युरेट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते उदासीन लवण आहे. त्याने सामू चढत नाही, विद्युतवाहकता चढते. निपाणी भागातल्या तंबाखूवाल्यांना यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही. क्लोराइड जास्त झाले की तंबाखू नीट जळत नाही, म्हणून ते म्युरेट टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घेतात.

आता जमिनीकडे वळू, कारण पैसे तिथे जातात.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने आखलेली वर्गवारी आजही बहुतेक ठिकाणी आधाराला घेतली जाते. संपृक्त मातीच्या (जेमतेम लगदा होईल एवढेच पाणी घातलेल्या मातीच्या) अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा जास्त, सामू ८.५ च्या खाली आणि चिकणकणांवरचे (मातीच्या सर्वांत बारीक कणांना चिकटलेले) सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल, तर जमीन खारवट. विद्युतवाहकता ४ च्या आत, पण सोडियम १५ टक्क्यांवर आणि सामू सहसा ८.५ च्या वर असेल, तर जमीन चोपण. दोन्ही गोष्टी जास्त असतील तर खारवट-चोपण. कृष्णाकाठच्या आणि घटप्रभेच्या पाटाखालच्या काळ्या रानांत हे तिन्ही प्रकार सापडतात, कधी एकाच गटात दोन. कन्नडमधला ‘सवळु-जवळु’ हा बोलीतला जोडशब्द मीठ आणि पाणथळ एकत्र सांगतो, पण सोडियमबद्दल काही सांगत नाही.

खारवट जमिनीला फक्त मीठ धुऊन बाहेर काढणे लागते. निचरा मोकळा असेल तर जेवढी खोली धुवायची तेवढ्या उंचीचे पाणी मुरवल्यावर साधारण ८० टक्के मीठ खाली जाते. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट; त्यातले कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेते) इथे कामाचे नाही. ते स्वतःच एक लवण आहे, आणि सोडियम कणांवर बसलेले नसेल तर त्याने हटवायचे काय?

चोपण जमिनीचे उलटे आहे. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेले असते, आणि पाण्यातले थोडे मीठच त्या कणांना कसेबसे धरून ठेवत असते. अशा रानात नुसते गोडे पाणी कोंडले की मीठ आधी निघून जाते, सोडियम मागे राहते, चिकणकण सुटे होऊन पोकळ्यांत बसतात आणि रानाचे तोंड बंद होते. वर पाणी साचते, वाळल्यावर दगडासारखी खपली धरते, आणि उसाचे मूळ वीतभर खाली जात नाही. मराठी शेतकऱ्याने ‘क्षारीय’ वाचून ‘क्षार धुतो’ म्हटले की नेमके हेच होते. पाइप टाकून निचरा केलेला असेल तर तोही निकामी होतो, कारण पाणी पाइपापर्यंत उतरतच नाही. उलट गोंधळही होतो. नुसत्या खारवट रानात कुणीतरी ‘क्षार आहे, जिप्सम टाका’ म्हणतो आणि गाडीभर जिप्सम फुकट जाते.

जिप्समचा हिशेबही आकड्यांत सांगायला हवा, ‘एकरी चार पोती’ असा नाही. वरच्या १५ सेंटिमीटर थरात एकरी सुमारे ९ लाख किलो माती असते. १०० ग्रॅम मातीतले १ मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचे प्रमाण मोजायचे एकक) सोडियम हटवायला या थरासाठी सुमारे ७७५ किलो शुद्ध जिप्सम लागते. समजा, धनायन विनिमय क्षमता (१०० ग्रॅम माती कॅल्शियम, सोडियम असे धनभारित आयन एकूण किती मिलिइक्विव्हॅलंट धरू शकते तो आकडा) ५० आहे आणि सोडियम २० टक्के, म्हणजे १० मिलिइक्विव्हॅलंट. ते १० टक्क्यांवर आणायचे तर ५ हटवायचे, म्हणजे सुमारे ३.९ टन शुद्ध जिप्सम, आणि ७५ टक्के शुद्धतेचे असेल तर ५.२ टन. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. एवढे जिप्सम विरघळायला त्या एकरावर ३८ सेंटिमीटर पाणी लागेल. म्हणून दोन हंगामांत विभागून द्यावे, वरच्या १० सेंटिमीटरमध्ये मिसळावे, खोल नांगरून गाडू नये. चर मात्र आधी उघडा. सुटलेले सोडियम सल्फेट बाहेर गेले नाही तर चोपण रान खारवट होऊन बसेल.

जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकाचाही उपयोग होतो. १ किलो गंधक सुमारे ५.४ किलो जिप्समएवढे काम करते, पण जिवाणूंनी त्याचे आम्ल केल्यावरच. त्यासाठी ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात. कारखान्यांच्या शेती विभागांना एक सांगायचे आहे : प्रेसमड (उसाचा रस गाळताना उरणारी मळी) वाटताना तो सल्फिटेशनचा की कार्बोनेशनचा, म्हणजे रस कोणत्या पद्धतीने शुद्ध केल्यावर उरलेला, हे पावतीवर लिहा. कार्बोनेशनच्या प्रेसमडमध्ये चुना जास्त असतो. तो खानापूरच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीला चालेल, अथणीच्या चोपणाला नाही.

खानापूरचा उल्लेख आला म्हणून एवढेच, की जांबोटी-कणकुंबीच्या पावसाने धुतलेल्या जांभ्या मातीत अडचण आम्लतेची असते. तिथे ‘क्षार कमी आहेत’ असे मराठीत सांगितले तर शेतकरी खत वाढवतो. त्याला सांगायचे असते ते चुन्याचे.

आता सामूबद्दल. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसनने १९०९ मध्ये पीएच मांडला. कन्नडमध्ये त्याला रससार म्हणतात, मराठीत सामू किंवा आम्ल-विम्ल निर्देशांक. ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे. ८.५ आणि ९.५ मधला फरक दहापटीचा आहे, बारा टक्क्यांचा नाही. चुनखडीची जमीन हवेशी समतोलात असली की सामू ८.३ च्या आसपास थांबतो. त्याच्या बराच वर जायला सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट लागते. म्हणून ८.२ सामूच्या काळ्या मातीच्या अहवालावर ‘क्षारीय, जिप्सम वापरा’ असा शेरा मारला जातो तेव्हा बहुतेक वेळा तो चुनखडीवर मारलेला असतो. सौम्य आम्ल टाकल्यावर माती फसफसते ती चुनखडीमुळेच. ते सोडियमचे लक्षण नाही.

प्रयोगशाळांमधल्या मंडळींना माहीत असलेल्याच काही गोष्टी इथे लिहितो, कारण घोळ बहुधा यांतच होतो. २० ग्रॅम माती आणि ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळून, असे १ : २.५ प्रमाण आपण वापरतो. पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवरच (सामू ठाऊक असलेल्या द्रावणावर) लावून काळी माती मोजली तर वरच्या टोकाला आकडा घसरतो. ७ आणि ९.२ चे बफर घ्या. विद्युतवाहकतेचा मीटर ०.०१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडवर २५ अंशांना १.४१ दाखवतो का पाहा. आणि पीएचचा इलेक्ट्रोड बुडवलेल्या पेल्यातच मागाहून विद्युतवाहकता मोजू नका. इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड पाझरते आणि गोड्या मातीचा आकडा फुगतो.

याहून मोठी चूक अर्थ लावण्यात होते. खारवट ठरवणारी ४ ची रेघ संपृक्त अर्काची आहे. १०० ग्रॅम चिकण काळी माती संपृक्त व्हायला ६०-७० मिलिलिटर पाणी पुरते, आणि आपण घालतो २५०. त्यामुळे आपला आकडा तीन-चार पट पातळ झालेला असतो. अहवालात ०.८ येतो, शेजारी ‘सामान्य’ छापले जाते. संपृक्त अर्कात तोच २.५ ते ३ पर्यंत जाऊ शकतो. उसाचे उत्पन्न संपृक्त अर्काच्या १.७ पासूनच घटू लागते. रान ‘सामान्य’ आणि ऊस पिवळा, हे कोडे बऱ्याचदा इथे सुटते. आकड्याबरोबर प्रमाणही छापा.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युतवाहकता आणि सेंद्रिय कर्ब. यात सोडियम नाही. म्हणजे पत्रिकेवरून जमीन चोपण असल्याचा संशय घेता येतो, खात्री करता येत नाही. सामू ८.५ च्या वर गेला की विनिमयक्षम (कणांवर बसलेले) सोडियम किंवा जिप्समची गरज तपासल्याशिवाय जिप्समची मात्रा लिहू नये. विहीर-बोअरच्या पाण्याचे अवशिष्ट सोडियम कार्बोनेटही (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारे कार्बोनेट-बायकार्बोनेट) सोबत पाहावे. लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत पाणी चालते, २.५ च्या वर गेले तर तेच पाणी सुधारलेले रान पुन्हा चोपण करते.

नमुना कसा घ्यायचा हेही केंद्रावर मराठीत लावलेले हवे. खताच्या शिफारशीसाठी वीतभर खड्डा चालतो. या कामासाठी ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे चार थर वेगळे हवेत, आणि तेही उन्हाळ्यात, मीठ वर आलेले असताना. पांढरी पडलेली जागा आणि चांगली जागा एकत्र मिसळू नये. सरासरीत दोन्ही दिसेनाशा होतात. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरून आणली तर तो नमुना घेऊच नये.

पैसे खर्च न करता शेतकऱ्याला बांधावर करता येईल अशी एक पारख आहे. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचे, हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडायचे आणि ढवळायचे नाही. दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. ढेकूळ विरघळून भुगा झाला पण पाणी नितळ राहिले, तर ती मातीची ठिसूळपणाची गोष्ट. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही खाली बसला नाही, तर सोडियमचा दाट संशय. बोअरचे पाणी वापरले की ही पारख फसते, कारण त्यातली लवणे कणांना एकत्र धरतात आणि चोपण मातीही नितळ दिसते. खूप मीठ असलेली खारवट-चोपण मातीही पहिल्यांदा नितळ दिसते. तीच माती दोन-तीनदा पावसाच्या पाण्याने धुऊन पुन्हा पाहावी. मातीचे निथळलेले पाणी हळदीने रंगवलेल्या कागदावर टाकले आणि तो तांबूस झाला, तर सामू बराच वर आहे. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तीच ही क्रिया. नुसत्या मिठाच्या पाण्याने कागद पिवळाच राहतो. खारवट आणि चोपण यांतला फरक कुठल्याही मराठी घरात दाखवायचा तर एका कागदावर मिठाचा थेंब, दुसऱ्यावर पापडखाराचा.

आमची मागणी मराठी अहवाल द्या अशी मोठी नाही, जरी ती रास्त आहे. आत्ता एवढेच करा. सल्ल्यात ‘क्षार’ आणि ‘क्षारीय’ हे शब्द एकटे लिहू नका, बोलूही नका. सामू जास्त असेल तर ‘विम्ल, चोपणाकडे’ म्हणा. विद्युतवाहकता जास्त असेल तर ‘विरघळलेले मीठ जास्त, खारवट’ म्हणा. कन्नड अहवालाच्या खाली रबरी शिक्क्याने एक ओळ मराठीत उमटवा. ती अशी असू शकेल :

‘सामू (रससार) ____, विद्युतवाहकता (१ : २.५) ____ ; सोडियम तपासले / नाही ; जमीन खारवट / चोपण / दोन्ही / दोन्ही नाही ; जिप्सम हवे / नको ; आधी निचरा हवा / आहे.’

पुढच्या नमुन्यांचा हंगाम मेमध्ये सुरू होतो. त्याआधी शिक्के तयार झाले तर या वर्षीच्या लावणीला उपयोग होईल. मजकुराची छाननी, कन्नड-मराठी जोडशब्द जुळवणे आणि केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांना पेल्याची पारख करून दाखवणे, या तिन्ही कामांना आम्ही विनामोबदला यायला तयार आहोत. कुठल्या केंद्रापासून सुरुवात करायची ते आपण कळवावे.

आपले,
सीमाभागात माती-पाणी तपासणीचे काम करणारे कृषी पदवीधर